फलकावरचे चार ठिपके

परिषदेला तेरा दिवस उरले होते आणि निवेदिता घाडीचा फलक सदतीस सेकंदांवर अडकून बसला होता. चाळीसच्या खालच्या फलकांना सभागृहात जागा मिळत नसे.

अनोळखी माणूस एखाद्या संशोधनफलकासमोर सरासरी किती वेळ उभा राहील, याचा अंदाज म्हणजे हे सेकंद. निवेदिता विद्यार्थिनी होती तेव्हा फलक कापडावर छापून घ्यायचे, गुंडाळी करून नळकांड्यात घालायचे आणि परिषदेच्या गावी नेऊन टाचण्यांनी टांगायचे. हातात चहाचे कप घेतलेले लोक शीर्षक वाचून पुढे सरकायचे. तीन वर्षांच्या कामाकडे कुणी तीन सेकंद पाहिलं तरी लेखक खूश व्हायचा.

मग नजरफलक आले. माणसाएवढ्या उंचीची पातळ काच, वर डोळ्यांवर लक्ष ठेवणारी दोन भिंगं. समोरच्याची नजर कुठे थांबते, कुठून घसरते, बाहुली कधी रुंदावते हे भिंगं टिपत आणि त्यानुसार फलक स्वतःची मांडणी बदलत असे. नजर जिथे रमली तो भाग मोठा होई, जिथून निसटली तो लहान. काचेतला प्रत्येक बिंदू वेगवेगळ्या दिशांना वेगवेगळा प्रकाश सोडू शकत असल्यामुळे खांद्याला खांदा लावून उभ्या असलेल्या दोघांना दोन निराळे फलक दिसत. लाखो लोकांच्या नजरा अभ्यासून फलक हे शिकला होता. परिषदेचे नियम दोनच होते. मजकूर लेखकाचा, मांडणी फलकाची. आणि फलकावर जे आहे, ते जाहीर केलं असं मानलं जाईल.

लेखकाला एक सवलत होती. मजकुरातला कुठलाही एक भाग तो जागेवर पक्का करू शकत असे. त्याला सगळे खिळा म्हणत. खिळा मारलेला भाग फलकाला हलवता येत नसे.

"खिळा आलेखावर मार," डॉ. केसकर म्हणाले. ते तिच्या मागे उभे राहून काचेकडे पाहत होते. "तीनशे बारा रुग्ण, तीनशे पाच वाचले. याहून जास्त काय सांगायचंय आपल्याला?"

"सात गेले, हे सांगायचंय, सर."

"ते आहेच की. खाली लिहिलंयस."

"सातांपैकी चार एकाच भागातले आहेत."

केसकरांनी खुर्ची ओढली. कोल्हापूरजवळच्या या संस्थेत त्यांनी तीस वर्षं सापांच्या विषावर काम केलं होतं. आवाज चढवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

"निवेदिता, घोड्याच्या रक्तातून काढलेली जुनी लस दिल्यावर माणूस कसा तडफडतो, हे तू पाहिलेलं नाहीस. मी पाहिलंय. साप बिनविषारी निघाला होता आणि पोरगी लशीनं गेली. आपलं पेन आलं की ते थांबेल. शीतपेटी नको, डॉक्टर नको, मांडीत टोचलं की झालं. चार ठिपक्यांसाठी हे सगळं लटकवायचं?"

ते खोटं बोलत नव्हते. विषबंध हे पेनमधलं त्यांचं औषध म्हणजे संगणकावर घडवलेली तीन प्रथिनं होती. विषातले मारक रेणू शोधून त्यांना ती घट्ट चिकटत. कुलपात किल्ली मोडून ठेवली की कुलूप निकामी व्हावं, तसा विषाचा कण निकामी होई. नाग, मण्यार, घोणस, तिन्हींवर औषध उत्तम चाललं होतं. अडचण फुरशाची होती. सापाचं विष सगळीकडे सारखं नसतं. एकाच जातीच्या सापाचं विष मुलुखाप्रमाणे बदलतं. औषध घडवताना वापरलेली फुरशी घाटावरच्या कोरड्या माळांवर पकडलेली होती. कोकणातल्या सड्यांवर, त्या उघड्या जांभ्या पठारांवर, फुरशाच्या विषातला एक रेणू थोडा वेगळा असावा आणि किल्ली तिथे नीट बसत नसावी, असं निवेदिताला वाटत होतं.

वाटत होतं, एवढंच. घाटावरच्या पासष्ट फुरसं-रुग्णांपैकी तीन दगावले होते, सड्यावरच्या तेवीसांपैकी चार. असा फरक निव्वळ योगायोगाने पडण्याची शक्यता तिने काढली होती: शंभरात सात. तिच्या शास्त्रात शंभरात पाचाच्या आत आल्याशिवाय एखादी गोष्ट निष्कर्ष म्हणून मांडायची नसते. तशी तिने आयुष्यात कधी मांडली नव्हती, आताही मांडणार नव्हती. म्हणून नकाशावर चार लाल ठिपके देऊन तिने खाली लिहिलं होतं: 'सड्यावरच्या रुग्णांत मृत्यूचं प्रमाण अधिक दिसतं, मात्र हा फरक संख्याशास्त्राने सिद्ध होत नाही.'

"खिळा मी नकाशावर मारणार आहे," ती म्हणाली.

केसकरांनी खुर्ची मागे सारली. मग उठले. "मार. पण सेकंद चाळीसच्या वर आण. फलक सभागृहातच गेला नाही, तर तुझे चार आणि माझे तीनशे पाच, दोन्ही घरीच राहतील."

तिने नकाशा अगदी मधोमध, डोळ्यांच्या उंचीवर पक्का केला. मग शीर्षक छोटं केलं, पद्धतीचा परिच्छेद निम्म्यावर आणला, आभार काढून टाकले. तिसऱ्या दिवशी आकडा त्रेचाळीसवर गेला. रोज सकाळी आल्याआल्या ती काचेसमोर उभी राहून तपासत असे. नकाशा मधोमध, ठिपके करवंदाएवढे, लालभडक. एक दिवसही त्यात फरक पडला नाही.

*

त्याच आठवड्यात जयवंती मेस्त्री पेनच्या प्रशिक्षणाला कोल्हापूरला आली. ती सड्याच्या पायथ्याच्या आरोग्यकेंद्रात आरोग्यसेविका होती. बावीस वर्षं नोकरी, नाकावर जाड काचांचा चष्मा, बोलायला फटकळ. ते चारही रुग्ण तिच्या केंद्रात आले होते. सापाचा दंश झालेला माणूस आला की जयवंती त्याचं थोडं रक्त काचेच्या नळीत घेई आणि नळी वीस मिनिटं न हलवता ठेवी. मग नळी कलती करायची. रक्त गोठलेलं असलं तर माणूस वाचला. पाण्यासारखं वाहिलं तर विष अजून शरीरात जिवंत आहे. त्या चौघांच्या नळ्या पेन देऊनही वाहिल्या होत्या आणि चौघांचीही नावं, वेळा, सगळं जयवंतीने वहीत लिहून जूनमध्येच निवेदिताकडे पाठवलं होतं.

"तुम्ही पाठवलेलं सगळं यात आहे, जयवंतीताई," निवेदिता तिला काचेसमोर उभी करत म्हणाली. "बघा."

जयवंतीने खालपासून वरपर्यंत पाहिलं. "ही कोण नर्स?"

"नर्स? कोपऱ्यातला तो छोटा फोटो म्हणताय?"

"ही काय मधी. पेन धरून हसताहा. माझ्यापेक्षा बरी दिसता." ती थोडी मागे सरली, पुन्हा पुढे झाली. "आणि आमचो सडो खंय आसा गो, बाय?"

"तुमच्या समोरच आहे. मधोमध. चार लाल ठिपके."

"माका दिसना नाय."

निवेदिता तिच्या शेजारी उभी होती. तिला ठिपके स्वच्छ दिसत होते. ती हसली. "नंबर वाढलाय तुमचा. चष्मा बदला आता."

"बदलतंय. सरकाराक सांग पैसे देवक," जयवंती म्हणाली. मग हसू आवरून तिने निवेदिताचा हात धरला. "चेष्टा सोड. नवीन पेन इलां की जुनी लस परत नेतले, असां म्हणतत. नेवक देव नको. फुरशाक तीच लागता. तू त्यांका दाखवशीत मा?"

"दाखवीन," निवेदिता म्हणाली. "म्हणूनच तर खिळा मारलाय."

*

हैदराबादच्या सभागृहात सहाशे फलक होते. प्रत्येकाच्या डाव्या बाजूला जमिनीवर पिवळी पट्टी होती. लेखकाने तिच्या आत उभं राहायचं, काचेसमोर यायचं नाही. नाही तर भिंगांचा गोंधळ उडतो. पट्टीवरून निवेदिताला आपल्या फलकाची फक्त कड दिसत होती आणि समोर येणाऱ्यांचे चेहरे.

चेहरे चांगले होते. लोक थांबत होते, वाचत होते, मान डोलवत होते. दुसऱ्या दिवशी दुपारी औषध समितीचे तिघे सदस्य आले. विषबंधाला परवानगी द्यायची की नाही आणि जुनी लस ठेवायची की नाही, हे या तिघांच्या शिफारशीवर ठरणार होतं. त्यांचे अध्यक्ष, पांढऱ्या मिशांचे डॉ. भट्टाचार्य, जवळजवळ मिनिटभर उभे राहिले.

"सर, मधला नकाशा..." निवेदिताने सुरुवात केली.

"पाहिला," ते इंग्रजीत म्हणाले. "फार प्रामाणिक काम आहे. मर्यादा इतक्या ठळकपणे कोण लिहितं हल्ली?"

"सड्यावरच्या रुग्णांसाठी जुनी लस राहायला हवी, असं मला..."

"तो फरक सिद्ध झालाय का?"

 तिथे निवेदिता 'हो' म्हणू शकली असती. किंवा, 'नाही, पण माणसं मेली आहेत.' दोन्ही वाक्यं तिच्या जिभेपर्यंत आली. मागे दोघे सदस्य घड्याळ पाहत होते.

"नाही, सर. शंभरात सात."

"मग पुढचे आकडे येऊ देत," ते प्रेमळपणे म्हणाले आणि पुढच्या फलकाकडे वळले.

संध्याकाळी तिच्या फलकाला पहिलं पारितोषिक मिळालं. केसकरांनी सगळ्यांना पेढे वाटले. निवेदितानेही एक खाल्ला. अध्यक्ष नकाशा पाहून गेले होते. वाक्य वाचून गेले होते. तिने जयवंतीला फोन करून सांगितलं, "दाखवलं हं मी, जयवंतीताई. सगळ्यांनी पाहिलं."

*

मार्चमध्ये समितीची शिफारस आली. विषबंध सर्व आरोग्यकेंद्रांत. जुनी लस टप्प्याटप्प्याने बंद. त्याच आठवड्यात परिषदेने सर्व लेखकांना त्यांच्या फलकाचा नजर-अहवाल पाठवला. कोणत्या भागाकडे किती लोकांनी किती वेळ पाहिलं, त्याची ही यादी असे. बहुतेक लेखक ती उघडतही नसत.

निवेदिताने उघडली. प्रेक्षक एक हजार चारशे बारा. जगण्याचा आलेख, सरासरी चौदा सेकंद. पेन धरलेल्या परिचारिकेचं छायाचित्र, नऊ सेकंद. नकाशाखालचं वाक्य, सहा सेकंद. नकाशा, एका सेकंदाहून कमी.

तिने तो आकडा तीनदा वाचला. नकाशा मधोमध होता. खिळा होता. त्याच्याकडे न पाहता त्याच्या खालचं वाक्य कुणी कसं वाचेल?

अहवालाच्या शेवटी काही प्रेक्षकांना दिसलेला फलक जसाच्या तसा जोडला होता. तिने पहिलं चित्र उघडलं. नकाशा मधोमधच होता, पक्का, जागचा हललेला नव्हता. पण तो पोस्टाच्या तिकिटाएवढा झाला होता आणि लाल रंग फिकट विटकरी. त्याच्यावर चढून परिचारिका हसत होती. खालच्या वाक्याचा पहिला अर्धा भाग बारीक अक्षरात होता आणि 'हा फरक संख्याशास्त्राने सिद्ध होत नाही' हे शब्द शीर्षकाएवढे. वाईट बातमीपाशी माणसं काढता पाय घेतात, दिलाशापाशी थांबतात, हे फलकाला ठाऊक होतं. खिळ्याने जागा पक्की होत होती. आकाराबद्दल नियमांत काही नव्हतं, आणि तिने विचारलं नव्हतं.

एकच चित्र निराळं होतं. त्यात ठिपके करवंदाएवढे होते, लालभडक. त्या प्रेक्षकाने नकाशाकडे एकतीस सेकंद पाहिलं होतं. नोंद उद्घाटनाआधीची, सकाळी आठची. तेव्हा सभागृहात ती एकटीच होती, सगळं नीट लागलंय ना हे शेवटचं तपासायला आलेली.

इतके दिवस रोज सकाळी ती स्वतःच्याच डोळ्यांनी तपासत होती आणि फलक तिला, तिला जे पाहायचं होतं ते दाखवत होता. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला ती शिकवत असे की, ज्याने मोजमाप करायचं त्यानेच अपेक्षा धरली तर मोजमाप फुकट. जयवंतीला दिसलं नव्हतं. जयवंतीने तोंडावर सांगितलं होतं. आणि ती हसली होती.

तिने समितीला सात पानी पत्र लिहिलं. तीन आठवड्यांनी चार ओळींचं उत्तर आलं. आपण नमूद केलेली माहिती आपल्याच फलकावर जाहीर केलेली होती. समितीच्या तिन्ही सदस्यांनी फलक पाहिल्याची नोंद आहे. नवीन आकडे उपलब्ध झाल्यास अवश्य कळवावे.

ती ते उत्तर घेऊन केसकरांकडे गेली.

"अगं, बरोबरच आहे त्यांचं," ते म्हणाले. "पेन सगळीकडे गेलं की नोंदी येतीलच. मग बोलू आपण ठामपणे."

"नोंदी कशाच्या येणार, सर?"

 समोरचा कागद केसकरांनी उगाच सरळ केला.

जूनमध्ये जयवंतीच्या केंद्रातून जुन्या लशीच्या बत्तीस कुप्या मोजून परत नेल्या. त्या दिवशी जयवंतीचा फोन आला. ती भांडली नाही. "नेली," एवढंच म्हणाली आणि ठेवला.

*

ऑक्टोबरात सड्यावर गवत कापायला घेतात. सुहासिनी गावडे गवताचा भारा दाबायला जांभ्याचा दगड उचलत होती. खाली फुरसं होतं. उजव्या हाताचं मधलं बोट. अकराव्या मिनिटाला जयवंतीने पेन टोचलं. वीस मिनिटांनी नळी कलती केली, रक्त वाहिलं. दुसरं पेन. सहा तासांनी पुन्हा नळी, पुन्हा वाहिलं. जुनी लस असलेलं सगळ्यात जवळचं रुग्णालय आता पाच तासांवर होतं. गाडी अर्ध्या वाटेवर असताना तिच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं आणि तिसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. वय एकतीस.

मृत्यूच्या नोंदीचा फॉर्म भरून आणायला संस्थेने निवेदिताला पाठवलं. बसमध्ये तिने नको नको म्हणत हिशेब केला. सड्यावरचे चोवीसांपैकी पाच. शंभरात तीन. घाट उतरताना केसकरांचा फोन आला. त्यांनीही केला होता.

"फार वाईट झालं," ते म्हणाले. त्यांचा आवाज खरोखरच बसला होता. "पण आता पाचाच्या आत आलंय, निवेदिता. आता कुणी नाही म्हणू शकणार नाही. आल्यावर नवा फलक घेऊ करायला."

तिने फोन बंद करून पिशवीत टाकला.

जयवंती केंद्राच्या पायरीवर उभी होती. "या, मॅडम," ती म्हणाली आणि पुढे चालू लागली. घरापर्यंतच्या वाटेत ती एकच गोष्ट बोलली: "चष्मो बदललंय मी. नंबर तोच होतो."

अनंत गावडे पडवीत बसला होता. तो जांभा दगड तासणारा होता. हातांच्या रेषांत लाल माती कायमची बसलेली. आत भांडी घासल्याचा आवाज येत होता. त्याची आई असावी. निवेदिताने फॉर्म काढला. दंशाची वेळ, सापाचं वर्णन, पेन किती वाजता. तो शांतपणे सांगत गेला. साप त्याने ओळखला होता, त्याबद्दल शंका नव्हती. फॉर्म संपला.

"एक इचारू?" तो म्हणाला. "जयवंतीबाय सांगता, ह्या आधीय झालेलां. चार माणसां."

"हो."

"तुमका ठावक होतां?"

फलकावर होतं, असं म्हणता आलं असतं. ते खोटं नव्हतं. सिद्ध झालं नव्हतं, हेही खोटं नव्हतं. निवेदिताने जयवंतीकडे पाहिलं. जयवंती अंगणाकडे पाहत होती.

"होतं," निवेदिता म्हणाली.

"कितके दिस?"

"सोळा महिने."

त्याने मान हलवली; गावाचं अंतर विचारावं आणि कुणी बरोबर सांगावं, तशी. मग आत जाऊन त्याने वहीचा एक कोरा कागद फाडून आणला आणि तिच्या फॉर्मवर ठेवला.

"ह्यां लिवा. काय ठावक होतां आणि कधीपासून. नाव लिवा तुमचां. मी ग्रामसभेत देतलंय, पेपरात देतलंय, खंय खंय देवचां तां बघतंय."

संस्थेच्या परवानगीशिवाय तिला एक ओळही लिहून देता येत नव्हती. नोकरीच्या करारात ते कलम होतं आणि ते कशासाठी होतं, हे तिला माहीत होतं. तिने पेन उघडलं. 'सड्यावरच्या फुरशाच्या विषावर हे औषध चालत नसावं, असं' इथवर लिहून ती थांबली. 'नसावं' खोडलं. पुन्हा वाचलं आणि सगळी ओळच खोडली. मग खाली नव्याने लिहिलं, एकदाही न थांबता, आणि नाव, हुद्दा, तारीख घालून सही केली.

अनंतने कागद हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला आणि परत तिच्याकडे दिला.

"वाचून दाखवा."

"सड्यावर फुरसं चावलेल्या तेवीस जणांना आम्ही हे औषध दिलं आणि त्यांतले चार मेले," निवेदिताने वाचलं. "हे औषध इथे पुरेसं नाही, जुनी लस ठेवायला हवी, हे मला सोळा महिन्यांपासून कळत होतं. मी ते अशा रीतीने मांडलं की कुणाला दिसलं नाही. विचारलं तेव्हाही मी सांगितलं नाही."

आतला भांड्यांचा आवाज थांबला होता. दाराच्या चौकटीत एक म्हातारी येऊन उभी राहिली, ओले हात लुगड्याला पुसत.

"काय म्हणता ती?" तिने मुलाला विचारलं. "माका आयकाक येवक नाय."

अनंतने निवेदिताकडे पाहिलं. निवेदिता उठली, म्हातारीच्या जवळ जाऊन उभी राहिली आणि पहिल्या शब्दापासून पुन्हा वाचू लागली.